गार आहे, काका

३ नोव्हेंबर, सोमवार

ट्रक आला. क्रेनला लटकून, पुढची चाकं हवेत. गॅरेजभर जळक्या रबराचा वास. डावी रिम काळीनिळी.

तो चालवणारी ती आली नाही. ती दवाखान्यात आहे. डावं मनगट मोडलंय.

क्रेनवाल्याने सांगितलं ते असं — रोपवाटिकेचा माल भरून ती टेकडी उतरत होती. डाव्या चाकातून धूर. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! मग गिअर खाली पाडत पाडत तिने गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. “दुसरा कुणी ड्रायव्हर असता ना, ट्रकसकट खाली गेला असता,” म्हणाला. वर हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात!

काकांनी चाकाभोवती एक चक्कर मारली, चष्मा पुसला आणि तिथूनच रोपवाटिकेच्या मालकांना फोन लावला. “चूक माझी. शुक्रवारी गाडी माझ्या हातून गेली. मी तपासली होती.”

मी मागे उभा. हातात जॅकचा दांडा. 

४ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. वहीला कुठे तोंड आहे!

शुक्रवारी सकाळी ती गाडी लावून गेली होती. पुढच्या चाकांचं ग्रीस बदलायचं, ब्रेक बघायचे. हे असले फोर-बाय-फोर आता फार राहिले नाहीत, काकांचा जीव आहे त्याच्यावर. डावा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, मी बसवत होतो. दुपारी ती पुन्हा आली. माझ्यापुढे येऊन उभी. “पाना खाली ठेव.”

ठेवला.

“मागच्या खेपेला गाडीच्या कागदांत तू पत्र ठेवलंस. काल नाक्यावर पोलिसाने कागद मागितले तर आधी तेच निघालं. मोठ्याने वाचलं त्याने, अख्ख्या रांगेसमोर! ‘तुझ्यावाचून माझं इंजिन बंद आहे’ म्हणे! आता रोज विचारणार तो मला, काय बाई, इंजिन सुरू झालं का? परत असलं काही ठेवलंस तर गाडी दुसऱ्या गॅरेजात.”

तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण माझ्या डोक्यात सणक गेली. कॉलेज सुटलं तेही असंच — सर एक वाक्य बोलले, मी बॅग उचलली ती उचललीच. बाबा अजून धड बोलत नाहीत. काकांनी तेवढं दार उघडलं.

हबच्या नटाची काकांची रीत ठरलेली. चाक फिरवत नट करकचून आवळायचा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग सोडायचा. मग बोटांनी नुसता टेकवायचा. शेवटी वॉशरची एक पाकळी वाकवून त्याला अडकवायचं. मी आवळला. सगळा राग त्या नटावर काढला. सोडलाच नाही. पाकळी वाकवली, पाना फेकला आणि जेवायला निघून गेलो. परत आलो तर हबचं झाकण काकांनी लावून ठेवलेलं.

मग फेरी. गॅरेजातली प्रत्येक गाडी दहा किलोमीटर फिरवायची आणि उतरून हबांना हाताची मागची बाजू लावायची. डावं-उजवं सारखं लागलं पाहिजे. काकांचे गुडघे धरले होते. “तू जाऊन ये.” मी कोपऱ्यापलीकडे गाडी थांबवली आणि बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं. तिच्या सीटवर. डॅशबोर्डवर तिची गवती टोपी होती, ती मांडीवर घेऊन. परत आल्यावर म्हणालो, “गार आहे, काका.”

नटाचं एक वेळ सांगेन कुणाला. टोपीचं नाही. मेलो तरी नाही!

६ नोव्हेंबर

ट्रककडे काका फिरकले नाहीत. मीही नाही. दोघांनी मिळून भलत्याच गाडीचा एअर फिल्टर दोन तास साफ केला.

७ नोव्हेंबर

तिच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि “गॅरेजवाला आलाय गं” म्हणून आत गेली.

कोपरापर्यंत प्लास्टर. एका हाताने संत्रं सोलायची खटपट चाललेली. “या अर्धे इंजिनिअर! पत्र आणलंय?”

नटाचं सांगून टाकलं. एका दमात. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“माझ्यावरचा राग?”

“हो.”

“आणि काकांना सांगितलंस?”

मी संत्र्याकडे बघत राहिलो.

“मालक चारचौघांत सांगत सुटलेत, म्हाताऱ्याची नजर गेली, त्याच्याकडे गाडी देऊ नका. चाळीस वर्षांचं नाव आहे त्यांचं! आणि तू इथे येऊन रडतोस? मला सांगून काय उपयोग? ऊठ. त्यांना सांग.”

उठलो. गवती टोपी दाराजवळच्या खुंटीवर होती. तिकडे बघितलं नाही.

८ नोव्हेंबर

काकांनी आज सगळी हत्यारं डिझेलमध्ये धुतली, पुसली, तेल लावून पेटीत रचली. काकू म्हणाली, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघतेय हे. मुलगी सासरी पाठवताय की काय?”

“हाताला कळेनासं झालं की थांबावं माणसाने,” काका म्हणाले. हसत म्हणाले!

आत्ता सांगावं, आत्ता सांगावं करता करता जेवण संपलं. उद्या आधी हब उघडतो, मग सांगतो. पळवाट आहे, कळतं मला.

९ नोव्हेंबर, रविवार

गॅरेज बंद. एकट्याने चाक काढलं. ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटलेले, ठोकून सोडवावे लागले. डिस्क तापून मोरपंखी झालेली. आतल्या अंगाचं बेअरिंग पार भाजलेलं, ग्रीसचा काळा पाक झालेला. पण बाहेरचं, नटाकडचं बेअरिंग? त्यातलं ग्रीस पिवळं! नट आवळलेला असता तर तेच आधी जळालं असतं.

वॉशर उजेडात धरला. मी वाकवलेली पाकळी परत सरळ केलेली. शेजारची वाकवलेली — नेमकी, एका ठोक्यात. हा ठोका काकांचा. म्हणजे मी तणतणत जेवायला गेलो तेव्हा त्यांनी नट उघडला, सैल केला, नीट बसवला. आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत!

मग जळलं कशाने? ब्रेकची रबरी नळी सोडवली. पेडलच्या बाजूने फुंकलं — हवा जाते. चाकाच्या बाजूने फुंकलं — गाल दुखले, हवा जात नाही. आतून सुजलेली. ऑइल चाकाकडे जाणार, परत येणार नाही. पाय उचलला तरी ब्रेक लागलेलाच. चाक तापत राहिलं, शेवटी ऑइल उकळलं आणि पेडल गेलं.

ही नळी मी शुक्रवारी काकांना दाखवली होती. चाचपून म्हणाले होते, “चालेल अजून वर्षभर.”

‘मी तपासली होती.’ मला वाटत होतं, ते नकळत माझं पाप डोक्यावर घेतायत. ते खरं तेच सांगत होते.

सुटलो असं वाटलं. अर्धं मिनिट. मग टोपी आठवली. खरोखर दहा किलोमीटर फिरलो असतो तर डाव्या हबने हाताला चटका देऊन तिथल्या तिथे सगळं सांगितलं असतं. तिचं मनगट शाबूत असतं.

नळी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. कॉलेजच्या पुस्तकांमागे. तिथे कोण बघतंय!

१० नोव्हेंबर

मालक आले. दारातूनच, “कोण हात लावणार आहे गाडीला? आधी ते सांगा.”

काका तोंड उघडणार तेवढ्यात मी पुढे झालो. “हब मी बसवला होता. नट आवळला आणि सोडायचा राहिला. काकांना दाखवलं नाही.”

“वा! कॉलेज अर्ध्यात, हबही अर्ध्यात!” एरवी मी अंगावर गेलो असतो. आज मान खाली. मालक काकांकडे वळले, आवाज एकदम मऊ. “मग असं बोला ना! तुम्ही स्वतः करा हो काम. ह्याला लांब ठेवा.”

काका माझ्याकडे एकटक बघत होते. तो नट कुणी सैल केला ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत! पण बोलले नाहीत.

जे कारण नव्हतं ते कबूल केलं. जे होतं ते पुन्हा गिळलं. छान!

१२ नोव्हेंबर

पेटी उघडली. दिवसभर काका नि मी. आतल्या बेअरिंगची कडी दांड्याला चिकटून बसलेली, छिन्नीने तडा देऊन काढली. नवी बेअरिंगं, नवं सील, नवी डिस्क, नळ्या दोन्हीकडच्या नव्या.

“डावी जुनी नळी कुठंय?”

“भंगारात टाकली.”

“हं.”

फेरीला दोघं गेलो. पूर्ण दहा किलोमीटर. काका कण्हत उतरले. “लाव हात. कसा लागतोय?”

“कोमट.”

“दुसरा?”

“तोही.”

ते बराच वेळ हबवर हात ठेवून उभे होते. काय विचार करत होते कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

सकाळी काका दारात. पायात चपला, हातात पुस्तकांमागची ती कापडाची गुंडाळी.

“दहा किलोमीटर धावलेला हब गार लागतो का रे कधी? तू ‘गार’ म्हणालास तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.”

त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली.

“नळी माझी. फेरी तुझी. चल. आधी तिच्याकडे, मग मालकांकडे.”

शर्टाला ग्रीस लागलंय. राहू दे. टोपीचंही सांगावं लागणार.