जरी-तरीच्या वर्गासाठी माझे घर

मी, शिवगंगा रुद्रप्पा शेटे, वय ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार चौसाळा, जि. बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना स्वहस्ते लिहिते. बीपीची गोळी घेतली आहे, चष्मा नवा आहे. नंतर कोणी शंका काढू नये.

१. नांदूरघाटची माझ्या नावावरील जमीन मुलगा मन्मथप्पा याला द्यावी. ती विकू नको असे लिहीत नाही, कारण मी सांगेन त्याच्या उलटेच तो आजवर करत आला. माझी सेवा मात्र त्यानेच केली, हेही नमूद करते. पाटल्या व बोरमाळ सून शिवकांता हिला.

२. माझ्या पगारातून बांधलेले चौसाळ्याचे घर सुभद्राबाईंच्या महिला सहकारी दूध संस्थेला द्यावे. ऊसतोडीला गेलेल्यांची मुले तिथे राहतील, शिकतील. कारण सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात सुभद्रा माझी विद्यार्थिनी होती. 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्यात ती हमखास 'बट' घाली. मी तिला चाचणीत नापास केले. तेवढ्यावरून मुख्याध्यापक अर्जुनरावांनी तिचा मॅट्रिकचा फॉर्म अडवला. "खडी फोडणाऱ्या पोरीला इंग्रजी कशाला?" असे ते सर्वांदेखत म्हणाले आणि मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावर गेले. हातातला हातोडा न ठेवताच सुभद्रा म्हणाली, "बाई, आपल्यात जरी आलं की मागून तरी येतंयच. इंग्रजीत ते एकटं कसं ऱ्हातंय? तुमी कधी सांगितलंच न्हाई."

खरे होते. सात वर्षे मी नुसत्या लाल रेघा मारत होते.

"इंग्रजीत दोन्हींतला एकच शब्द ठेवायचा," मी म्हणाले, आणि तिथेच बसले. मग रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊ लागले. तिची खडीची पाटी आईच्या पाटीपेक्षा जड, म्हणून 'दॅन'. दोघींची भाकरी सारखीच, म्हणून 'ॲज-ॲज'. बायका उन्हात, तर मुकादम सावलीत, म्हणून 'व्हेअरॅज'. याला बाकीच्या बायका लई हसल्या आणि जवळ सरकल्या. फॉर्मवर सही होईपर्यंत मी अर्जुनरावांच्या टेबलासमोरून हलले नाही.

सुभद्रा पास झाली. पुढे तिने दूध संस्था उभी केली. दूध थंड करायची मशीन आली, तेव्हा मशीनसोबतचे इंग्रजी माहितीपुस्तक वाचून ती सुभद्रानेच चालू केली.

३. अर्जुनरावांना मी माफ केलेले नाही. त्यांच्या घरातले मूल वर्गात आले, तर त्याला पुढच्या रांगेत बसवावे.

४. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी वर्ग बंद ठेवू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुभद्राबाईंनी करावी. घराच्या मागच्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचा हक्क माझा. पुढच्या खोल्यांसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. यंदाही पाऊस नाही, दसरा होताच ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे गेल्या. अकरा मुले काल इथे राहायला आली. आत्ता मोठ्याने वाचत आहेत आणि उच्चार चुकत आहेत. सही करून तिकडे जाते.

चौसाळा, दि. २५ ऑक्टोबर २०१५
सही: शिवगंगा रुद्रप्पा शेटे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. राधाकिशन, किराणा दुकानदार (सही)
२. छबुबाई, शेजारीण (सही, अंगठा नाही)