दहापैकी दोन गुण

मी, रामदास विनायक ठोसर, वय वर्षे शहात्तर, धंदा मुद्रितशोधन (आता बंद), राहणार सुरंगी सहकारी गृहरचना संस्था, तिसरा मजला, बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून वा दडपणाखाली नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे, पण मन थाऱ्यावर नाही. ही तिसरी प्रत. पहिल्या दोन फाडल्या, कारण त्यांत मुद्दा सोडून सर्व काही होते. या प्रतीतही तो कितव्या कलमात येईल, हे आत्ता सांगता येत नाही.

कलम १. माझा राहता फ्लॅट माझी एकुलती मुलगी सौ. श्रद्धा हिला मिळावा. ती हिंजवडीत एका कंपनीत आहे. तिथे ती नेमके काय करते, हे तिने मला तीन वेळा समजावले आहे. फ्लॅट तिने विकावा, भाड्याने द्यावा, स्वतः राहावे. माझी हरकत नाही. मात्र ताबा घेताच दारावरची 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडेल असे समजू नये' ही पाटी काढून टाकावी. तिच्यावर तरी कशाला सोपवायचे? आत्ताच उठून काढून आलो. कलम तसेच राहू द्यावे.

कलम २. माझे शब्दकोश व व्याकरणाची पुस्तके, ज्याला खरोखर लागतील त्याला द्यावीत. लाल शाईची पेने कोणालाही देऊ नयेत. त्या पेनांवर मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात तेहतीस वर्षे काढली. सत्त्याण्णव साली तिथे संगणक आले. मालक म्हणाले, "ठोसर, आता लोक चुका काढायला थांबत नाहीत हो." मी त्यांना त्या वाक्याबद्दल बावीस वर्षे क्षमा केली नव्हती. आज करतो. त्यांनी मला घरी बसवले, आणि घरी बसलेल्या माझ्या हातात श्रद्धाने स्मार्टफोन दिला. इथपर्यंत दोष त्या दोघांचा. पुढचा माझा.

कलम ३. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिनपद आमचे सेक्रेटरी मच्छिंद्र यांच्याकडे जावे. त्यांनी खात्री केल्याशिवाय कोणतीही बातमी पुढे पाठवू नये. पहिल्या मजल्यावरच्या बापूरावांना रोजचे गुलाबाचे फूल पाठवू द्यावे. मी त्यांना उगाच तीनदा ग्रुपबाहेर काढले. आणि कोणी लिहून पुसले, तर काय पुसले याची चेष्टा न करता त्या माणसाला त्या मिनिटाला फोन करावा. फोन उचलला नाही, तर जिना चढून जावे.

हे कलम का घातले, ते आता लिहिलेच पाहिजे. मघाशी पाणी प्यायला उठलो, मग गॅलरीत गेलो, मग उगाच कपड्यांच्या घड्या घातल्या. लिहितो.

कलम ४. माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, श्री. कोंडीराम व सौ. मथुराबाई राहतात. लोणी काळभोरची शेती विकून सहा वर्षांपूर्वी इथे आले. पाणी सोडणारा माणूस कोंडीरामांच्या ओळखीचा, त्यामुळे पाणी कधी जाणार हे महापालिकेच्या आधी त्यांना कळते. ग्रुपवर आल्यावर आठवडाभरातच त्यांनी लिहिले : 'उद्या पानी येनार न्हाय. भरून ठिवा.' मी त्या संदेशाचा फोटो काढला, चुकलेल्या शब्दांभोवती लाल वर्तुळे काढली, खाली 'दहापैकी दोन गुण. पुनःपरीक्षेस बसावे' असे लिहिले आणि ग्रुपवर टाकले. एक्केचाळीस जण हसले. मला बढती मिळाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी पाणी आले नाही, आणि भरून ठेवले होते ते फक्त कोंडीरामांनी. मी त्यांच्याकडून दोन बादल्या आणल्या. मथुराबाईंनीच भरून दिल्या आणि म्हणाल्या, "अजून लागलं तर हाक मारा, दादा." त्यानंतर कोंडीराम ग्रुपवर एक अक्षर लिहीनात. मला तो माझ्या शिस्तीचा विजय वाटला.

गेल्या ११ सप्टेंबरला, मंगळवारी, दुपारी पावणेदोनला ग्रुपवर त्यांच्या नावाने एक संदेश आला आणि लगेच पुसला गेला. मग दुसरा, मग तिसरा. तीन संदेश, तिन्ही पुसलेले. मी सोफ्यावर जागाच होतो. मी लिहिले : 'लिहिण्यापूर्वी विचार केल्यास पुसण्याची वेळ येत नाही. – अ‍ॅडमिन.' पुन्हा हसरे चेहरे.

वर मथुराबाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या. त्यांना उजवा हात उचलता येत नव्हता. कोंडीराम आधी खाली माझ्या दारापर्यंत आले होते. पाटी वाचून परत फिरले. वाचता त्यांना उत्तम येते. मग त्यांनी ग्रुपवर आमच्याच सोसायटीच्या मागच्या इमारतीतल्या डॉ. शेफालींना बोलवायला घेतले. पण 'डॉक्टर'मधला अर्धचंद्र त्यांना फोनवर सापडेना. तीनदा 'डाक्टर' लिहिले, तीनदा पुसले. मग चपला न घालता रिक्षा शोधायला धावले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तास उलटला होता. त्या तासभर शेफाली घरी जेवत होत्या, हातात फोन घेऊन.

हे मला शेफालींनीच सांगितले. "काका, मी त्यांना विचारलं, मेसेज का डिलीट केलात? तर म्हणाले, 'चूक व्हती, म्हून खोडलं.'"

मथुराबाई वाचल्या. त्यांना सगळे समजते, पण बोलता येत नाही. पूर्वी गॅलरीतून त्यांचा आवाज खाली येई तेव्हा मी खिडकी आपटून लावायचो. आता दुपारी एक ते चार मी त्या खिडकीशी उभा असतो.

शुद्धलेखनाचा मी आजही कट्टर आहे. पण मी भाषा सुधारत नव्हतो, मी माणसाला चारचौघांत हिणवत होतो, आणि मला त्यात मजा येत होती. मला त्याची लाज वाटते.

कलम ५. ही कबुली माझ्या पश्चात ग्रुपवर टाकावी, असे मी आधी ठरवले होते आणि श्रद्धाला तसे सांगितले होते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, सॉरी म्हणायला मरायची वाट बघणार आहात का?" मुलगी माझीच आहे. म्हणून आज सकाळी मी माफी मागितली, नावानिशी. उत्तरादाखल साठ जोडलेले हात आणि बापूरावांचे गुलाब आले. कोंडीरामांनी वाचल्याचे दिसते. मी दर पाच मिनिटांनी फोन पाहतो आहे.

कलम ६. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून कोंडीरामांना मी काहीही ठेवलेले नाही. ठेवले असते तरी त्यांनी घेतले नसते. मी वर जाऊन त्यांना साक्षीला या म्हणालो. ते 'येतो' म्हणाले. मला त्यांच्याकडे क्षमा मागायचा हक्क नाही, पण एक इच्छा आहे : त्यांनी माझ्यासमोर चार अक्षरे लिहावीत, कशीही, आणि माझ्या हातात लाल पेन नसावे.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, चौथे कलमही, आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

ठिकाण : बिबवेवाडी, पुणे
दिनांक : १७ फेब्रुवारी २०१९, रविवार

(सही) रामदास विनायक ठोसर

साक्षीदार :

१. (सही) डॉ. शेफाली, मागील इमारत

२. श्री. कोंडीराम, चौथा मजला. यांना लिहिता-वाचता येते, याची मी खात्री देतो. मी त्यांच्यापुढे पेन धरले. ते म्हणाले, "ऐकलं म्या समदं. शाईचा पॅड कुठं हाय?" आणि त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला.