तिसऱ्या पानावरचा चेहरा

नाना,

तुम्ही मला बाई म्हणायचात, आणि ओरडायचातही बाई म्हणूनच. माझं वय तेव्हा चोवीस, तुमचं साठीच्या आसपास असावं. तरी तुम्ही अहो-जाहो सोडलं नाहीत, कारण मी धुळ्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, आणि मास्तरीण म्हटली की ती तुमच्या लेखी मोठीच. आज तुम्हाला लिहायला बसले आणि ओळी वाकड्या जाताहेत. घरचे म्हणतील वय झालं. पण खरं सांगू, त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की मला अजून तसाच हुरूप चढतो आणि एका जागी बसवत नाही. लिहिताना दोनदा उठून आले, काही कारण नसताना.

माझी दोन पुस्तकं तोवर निघाली होती. पुस्तकं कसली, आठ-आठ पानांच्या चित्रकथा. गोष्ट माझी, चौकटी माझ्या, फुग्यांतली अक्षरंही माझ्याच हातची, आणि सगळं एका रंगात, म्हणजे काळ्यात. धुळ्यातले एक पुस्तकविक्रेते ती दुकानात दोरीला टांगून विकायचे. तिसरं पुस्तक मला रंगीत हवं होतं. मोहाची फुलं वेचायला गेलेली एक पोर, तिची शेळी हरवते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती सातपुड्याच्या पायथ्याशी शोधत हिंडते, एवढीच गोष्ट. पण सकाळ आणि संध्याकाळ काळ्या शाईत सारखीच दिसते हो! विक्रेते म्हणाले, "चित्रं तुमची झकास, पण रंग भरणं जाणकाराचं काम. मुंबईला आमचे एक जण आहेत, ते भरून देतील." माझं डोकंच फिरलं. माझ्या पोरीला कुठल्या रंगाचा परकर नेसवायचा ते मुंबईचा माणूस ठरवणार? तिच्या डोक्यावरचं आभाळ तो रंगवणार? मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, रंग मीच भरणार. ते शांत माणूस, हसून म्हणाले, "शाळा उघडेपर्यंत छापून दाखवा. नाही जमलं तर मुंबई." मी हो म्हणून बाहेर पडले, आणि रंगीत छपाई कशी करतात हे मला काडीचं ठाऊक नव्हतं.

धुळ्यातल्या छापखान्यांनी हात वर केले. कुणीतरी सांगितलं, जळगावला दाणाबाजाराच्या मागे एक प्रेस आहे, तिथे उदबत्तीची आणि मसाल्याची लेबलं तीन रंगांत निघतात, ती छापणारे नाना म्हणजे रंगाच्या बाबतीत एकदम पक्के. मी सुटी लागली त्याच दिवशी सकाळची एस.टी. पकडली. पारोळा, एरंडोल, मांडीवर चित्रांची गुंडाळी, आणि मी खिडकीतून दिसेल त्या प्रत्येक शेताला मनात रंग लावत होते. तुम्ही ट्रेडलपाशी उभे होतात, एका पायानं मशीन चालवत आणि एकेक लेबल आत सरकवत. मी जलरंगात भरलेलं पहिलं पान पुढे केलं. तुम्ही हात पुसून ते उजेडाकडे धरलंत, बोटानं रंग मोजलेत आणि म्हणालात, "सात रंग म्हनजे सात डाव मशीन धोवनं पडी, बाई. तुमनं पुस्तक पुढला शिमगाले निंघी." मग मला वाईट वाटलेलं दिसलं असावं, म्हणून जरा समजुतीनं म्हणालात, "आपलाकडे तीनच रंग शेतस. पिवळा, लाल, निळा. बाकीना बठ्ठा त्यासना पोरे."

बाकीचे सगळे रंग म्हणजे या तिघांची पोरं, आणि तिथून माझी शाळा सुरू झाली. काळ्या रेघांचे ब्लॉक नाशिकहून करून आणायचे होते, पण रंगांचे ठोकळे मी स्वतः लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर कोरायचे, एका पानाला तीन. एवढं तरी मला येत होतं, चित्रकलेच्या परीक्षेला लिनो कोरला होता. तुम्ही काळ्याचा एक ओला छाप काढून तो लिनोवर पालथा दाबून दिलात, म्हणजे चित्र आपोआप उलटं उमटलं आणि कुठे काय येतं ते कळलं. मग मी प्रत्येक ठोकळ्यासाठी स्वतःला विचारायचं, इथे पिवळा हवा का? नको असेल तर ते लिनो कोरून काढायचं. झाड पिवळ्यातही ठेवायचं आणि निळ्यातही, तरच ते हिरवं होणार. परकर लालमध्ये ठेवायचा. माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा, आणि तरी मी इतकी खुशीत असायची की जेवणाची आठवण राहत नसे. मुक्काम मावशीकडे होता. ती म्हणायची, ही पोर प्रेसमध्ये नोकरीला लागली की काय. मी प्रत्येक चौकट काठोकाठ रंगानं भरून टाकत होते, परीक्षेच्या पेपरात पुरवण्या जोडाव्यात तशी. तुम्ही एकदा कोरलेला ठोकळा हातात घेतलात आणि म्हणालात, "कागद बी रंगच शे ना, बाई? त्याले बी थोडी जागा द्या." त्या दिवशी मी शेळीच्या पाठीवरचा उजेड कोरून पांढरा सोडला. शेळी एकदम जिवंत दिसायला लागली.

आणि ओरडलात तो दिवस. शाई घोटायची सुरी मी निळ्यातून काढली आणि उत्साहाच्या भरात तशीच पिवळ्याच्या डब्यात घातली. "बाई! निळी सुरी पिवळामा? बठ्ठा डबा वाया गया!" सगळी प्रेस थांबली. "आते तठे बसा, हात मांडीवर ठेईसन." मी मास्तरीण, कोपऱ्यातल्या कागदाच्या गठ्ठ्यावर हात मांडीवर ठेवून बसले, माझ्या वर्गातल्या मुली बसतात तशी. रडू येत होतं आणि हसूही. पिवळा सगळ्यांत आधी का छापतात ते मात्र त्या दिवशी पक्कं समजलं. त्याला कुणाचंही बोट लागलं की तो गेला. शाईचे रूळ रॉकेलनं कितीही पुसा, आधीचा गडद रंग कुठेतरी दडून राहतो. म्हणून कोऱ्या मशीनवर पिवळा, मग लाल, मग निळा, आणि सगळ्यांत शेवटी काळ्या रेघा. तुमच्या हातून हा क्रम तोवर कधी मोडला नव्हता, असं प्रेसचे मालक शेठजीही सांगायचे.

पहिल्या पानाला निळा चढतो ती दुपार अशी समोर आहे. बाहेर वैशाखाचं ऊन, पत्र्याखाली आम्ही घामानं निथळतोय. कागदाला या हवेत आकसायची खोड, म्हणून तुम्ही तो आठ दिवस आधीच दोरीवर टांगून ठेवलेला. पिवळा सोमवारी झालाय, लाल काल. पिवळ्या रानात लाल परकराची पोर पाठमोरी उभी आहे, आणि झाडं अजून पिवळीधमक. तुम्ही निळा चढवता, एक कागद सरकवता, मशीन मिटतं, उघडतं. आणि हिरवं! नाना, सगळं रान हिरवं! हिरव्याचा थेंबही प्रेसमध्ये कुठे नाही आणि माझ्या हातात हिरवं रान आहे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे मी दर वर्षी पाचवीच्या मुलींना शिकवते, फळ्यावर लिहिते, आणि मी तिथे टाळ्या पिटतेय. शेठजी गादीवरून उठून आले. तुम्ही गालातल्या गालात हसत होतात आणि पुढचा कागद सरकवत होतात.

तिसऱ्या पानावर गाडी अडली. पहिल्या दोन पानांत पोर पाठमोरी किंवा लांब होती. तिसऱ्यावर तिचा मोठा चेहरा होता, शेळीला हाक मारणारा. मी काय केलं होतं, चेहऱ्याची जागा पिवळ्यातून साफ कोरून काढली होती आणि लालमध्ये बारीक बारीक रेघा ठेवल्या होत्या, म्हणजे पांढऱ्यावर लाल रेघा पडून गुलाबी दिसेल. कॅलेंडरातल्या सगळ्या बायका गुलाबीच असतात, मला दुसरं सुचलंच नव्हतं. पिवळ्याचे सगळे कागद छापून झाले, लालचेही झाले. शेवटचा कागद तुम्ही दिव्याखाली धरलात. "बाई, ही पोर कोनी शे?"

"मोह वेचणाऱ्यांची. गोष्टीतली आपली."

"उन्हमा मोह येचनारी पोर इतली गुलाबी ऱ्हास का?"

मी तो कागद तुमच्या हातातून ओढून घेतला. कारण ते बरोबर होतं, आणि तुमचं गाव चोपड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, हे मला माहीत होतं. मुंबईचा माणूस माझ्या पोरीला भलताच रंग लावेल म्हणून मी भांडून आले होते, आणि तो भलता रंग मीच लावून बसले होते. शेठजी मधे पडले. मारवाडी माणूस, पण तिसरी पिढी जळगावची. म्हणाले, "बाईजी, गोरीच ठेवा. कॅलेंडरवरची लक्ष्मी कुणी सावळी पाहिली आहे का? लोक गोरी बघूनच घेतात. आणि मशीन मला लग्नपत्रिकांना पाहिजे, लग्नसराई चालू आहे." शाळा उघडायला दिवस थोडे उरले होते. कागद पुन्हा आणून पहिल्यापासून छापायचे म्हटलं तर पुस्तक मुंबईला जाणार हे नक्की होतं. मी विचारलं, आता तपकिरी कसा आणायचा? पिवळा तर होऊन गेला. तुम्ही बाहीचं टोक वर सारलंत आणि मनगट त्या चेहऱ्याशेजारी टेकवलंत. "हाई देखा. आसा रंग ऱ्हास." मग म्हणालात, "पोर तुमनी शे, बाई. तुम्ही सांगा, मी पिवळा मांगून टाकसू."

पिवळा लालच्याही मागून! तुम्ही! मी दोन तासांत चेहऱ्याचा आणि हातांचा वेगळा छोटा ठोकळा कोरला. हात इतके भराभर चालत होते की अंगठा कापून घेतला, तो पट्टी बांधून तसाच. निळ्याच्या ठोकळ्यात चेहऱ्यावर थोड्या विरळ रेघा राखल्या. तुम्ही दुपारची भाकरी एका हातानं खाल्लीत आणि जेवणाच्या सुटीत पत्रिकांच्या मधे मशीन धुतलंत, तीनदा, रॉकेल बदलून बदलून. पिवळ्यात वार्निश घालून तो पातळ केलात, म्हणजे खालच्या लाल रेघा झाकल्या जाणार नाहीत. चार दिवस चार जेवणाच्या सुट्या. एकेक कागद मशीनवरच्या खुणेच्या खिळ्याला टेकवून, केसाइतकंही हलू न देता, पुन्हा पिवळ्याखाली, मग निळ्याखाली आणि शेवटी काळ्या ब्लॉकखाली. पहिला पुरा कागद निघाला तेव्हा तुम्ही परत मनगट टेकवलंत. तोच रंग. माझी पोर माझ्याकडे तोंड करून हाक मारत होती, आणि ती खरंच उन्हात हिंडलेली होती. मी नाचले, नाना. प्रेसमध्ये, चपला काढून. शेठजी म्हणाले, "बरी दिसते की." उरलेल्या पानांचे चेहरे मी नव्यानं कोरले, आणि पुस्तक शाळा उघडायच्या आधल्या दिवशी धुळ्याच्या दुकानात दोरीला लागलं. विक्रेत्यांनी तिसरं पान उघडलं आणि मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

मुखपृष्ठाच्या आतल्या ओळी तुम्हीच जुळवल्या होत्या. मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, चित्रे, मजकूर आणि रंग, आणि पुढे माझं नाव. तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवलेत, छाप काढलात, अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलंत. "बठ्ठं बरोबर शे ना, बाई?" मी हो म्हणाले. मी हरखलेली होते, रंग या शब्दासाठीच भांडले होते, आणि दुसरं काही मनात आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आलं होतं. क्षणभर आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं. तुम्ही मान हलवलीत आणि प्रत्येक प्रतीवर ती ओळ तुमच्या हातानं छापलीत.

पुढच्या वर्षी आणखी एक पुस्तक केलं आपण. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी चित्रं घेऊन आले तर शेठजी म्हणाले, नाना माघात गेले. मी काय विचारलं माहीत आहे? मग पिवळा कोण छापणार?  मी गुंडाळी तशीच घेऊन स्टँडवर आले आणि एरंडोलपर्यंत रडत गेले.

गेल्या आठवड्यात पुण्याची एक मुलगी आली होती. स्वतः चित्रकथा काढते, रंगही स्वतःच भरते, यंत्रावर, तिच्याकडे म्हणे लाखो रंग आहेत. तिला आपलं ते पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापायचं आहे. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, हा रंग तुम्ही कसा आणला? मी तिला सगळं सांगितलं, मनगटासकट. ती इतकी खूश झाली, म्हणाली, मग या वेळी त्यांचंही नाव घालू, लिहून द्या. मी लगेच कागद ओढला. चित्रे आणि मजकूर, माझं नाव. खाली रंग, पुन्हा माझं नाव, आणि. तिथे पेन थांबलं. जळगावला फोन केले. शेठजींची मंडळी सुरतेला गेलीत, धाकट्यांना काही आठवत नाही. चोपड्याच्या वरचं कुठलं गाव, तेही मी कधी विचारलं नव्हतं. ती मुलगी वाट बघतेय. ओळ अजून तशीच पडली आहे, आणि या पाकिटावर तरी काय लिहू? नाना तर जळगावात गल्लोगल्ली होते. मला तुमचं नाव माहीत नाही.