पाय टेकवायचा नाही

लाकूडगिरणीतून,
दि. ३ फेब्रुवारी

ती. सौ. मामीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. (या अक्षरांचा पूर्ण पाठ कुणी विचारला तर माझी पंचाईत होईल, पण नमस्कार खरा आहे.)

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि मी उत्तर उद्यावर ढकलतोय, हे आधीच कबूल करतो. पहिल्या पत्राला दीड महिना झाला. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण परवा रविवारी मी तीन तास बसून एका सुताराला पत्ते पिसायला शिकवलं, तेव्हा ते खोटं ठरेल. कागद समोर घेतला की हातच जड होतो.

इथे मला सात महिने झाले. माझ्या हिशोबाने हा विक्रम आहे. फळ्या रचायच्या, भुसा पोत्यात भरायचा. भुसा कानात जातो, चहात जातो, या पत्राच्या घडीतही सापडेल, झटकून घे. फाटकापाशी एक कुत्रं असतं. त्याला तीनच पाय आहेत, पण धावण्यात ते कुणाला ऐकत नाही. हे बघ, तीनाचं काहीही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो आणि दुसऱ्याच परिच्छेदात लिहून गेलो.

मामांनी मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन बसवून घेतली, हे मी तीनदा वाचलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर भार टाकू नका म्हटलंय तर दुसरं काय करणार, हे मलाही कळतं. पण गाडी कापडाखाली झाकून ठेवली आहे, मामा वाण्याकडेसुद्धा जात नाहीत, दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसतात, असं तू लिहितेस. मी येऊन त्यांना एकदा बाहेर काढावं, माझं ते ऐकतील, असंही लिहितेस. मामी, सध्या रजा मिळणं कठीण आहे. मुकादम फार कडक आहे.

मागच्या वर्षी तुम्ही दोघं चौकात पडलात ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं होतं. तेव्हाही वाईट वाटलं, आताही वाटतं. मामांना सांग, तीन चाकं म्हणजे बढती समजा.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राखून ठेवतो. पत्रं वेळेवर यायला लागली की उरलेले पाठवीन.

तू मामीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. या घरात टपाल आधी कुणाच्या हाती लागतं हे तुला ठाऊक हवं होतं. बढतीचा विनोद कळला. हसलो नाही.

वेल्डरचं काम चोख आहे, त्याला नावं ठेवणार नाही. रुंद अॅक्सल, दोन्ही बाजूंना एकेक चाक, मागची सीट पूर्वीपेक्षा ऐसपैस. गाडी आपली आपण उभी राहते. स्टँड लागत नाही आणि तोल सांभाळणारा माणूसही लागत नाही. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना तोलच शिकवला रे. गोदामामागच्या पटांगणात खडूच्या दोन रेघा, त्यांच्यामधून चालण्याच्या वेगाने गाडी न्यायची. जोरात कुणीही चालवतो, हळू चालवेल तो खरा. पाय टेकला की गाडी बंद करायची आणि सगळ्यांच्या देखत पटांगणाला एक फेरी ढकलत न्यायची. तू अकरा फेऱ्या मारल्या होत्यास. बाराव्या वेळेला पार झालास तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो, कारण मास्तरने विद्यार्थ्यासमोर एवढं खूश दिसू नये.

आता माझी परीक्षा ऐक. पहिल्याच दिवशी गल्लीच्या वळणावर सवयीने अंग झुकवलं. ही गाडी झुकत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. ती सरळ गेली ती कंपाउंडरच्या फाटकात. ब्रेक दाबला तसा डावा पाय आपोआप खाली गेला. गाडी अजून पुरती थांबली नव्हती. मागचं चाक माझ्याच टाचेवरून गेलं. कंपाउंडरने आधी पट्टी बांधली आणि मग हसला, एवढं सौजन्य त्याने दाखवलं. तीनचाकीवर पाय कधीच खाली सोडायचा नसतो, असं वेल्डरने चारदा बजावलं होतं. ऐकणारा मी होतो, पाय ऐकत नाही.

आठवड्यात चारदा टेकवला. त्यानंतर कापड टाकलं. गल्लीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यांच्यासमोर हे प्रदर्शन नको. तुझी मामी मात्र झाडण्याच्या निमित्ताने कापड काढते, गाडी अंगणात पुढे घेते, वळवते, जागेवर आणते. इतका कचरा आमच्याच अंगणात कुठून येतो कळत नाही.

चौकात पडलो त्या दिवशी ओळखीचं कुणी आसपास नव्हतं, तेवढं नशीब. तू येऊ नकोस. मला फिरवून आणायला माणूस लागावा इतका मी अजून गेलेलो नाही.

तब्येत जप, नोकरी टिकव.
तुझा,
मामा

*

लाकूडगिरणीतून,
दि. ९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडलं तर कागद आणायला बाजारात जावं लागेल, आणि मी बाजारात गेलो की कुठे पोचेन याचा नेम नसतो. तेव्हा हेच पाठवतो.

तुम्ही लिहिलंत की त्या दिवशी ओळखीचं कुणी नव्हतं. मामा, मी होतो.

तेव्हा मी ट्रकवर माल चढवायचं काम करत होतो. बरोबरचे तिघं आणि मी तुमच्या गावावरून जात होतो, माल उतरेपर्यंत चार तास मोकळे होते. तुम्हाला न कळवता दारात येऊन उभं राहायचं असा माझा बेत होता. वाटेत मी तिघांना तुमच्याच गोष्टी सांगत होतो. माझ्या मामांचा पाय जमिनीला लागत नाही, ते गोगलगायीच्या वेगाने चौक पार करतात, वगैरे. थोडं वाढवूनही सांगितलं असेल. आम्ही चौकातल्या बेकरीसमोर उभे होतो आणि तुमची गाडी आली. मागे मामी, मांडीवर पिशवी. सिग्नल लाल झाला, तुम्ही डावा पाय टेकवला, आणि गुडघा दुमडला. गाडी धाडकन पडलीच नाही. कपाट आडवं ठेवावं तशी हळूहळू गेली, तुम्हा दोघांना घेऊन.

पिशवीतली साबणाची एक वडी घरंगळत माझ्या बुटापर्यंत आली. मी बूट मागे घेतला.

तिघांतल्या एकाला आम्ही दाढी म्हणतो. त्याने थट्टेत विचारलं की हेच का ते तुझे मास्तर. मी म्हणालो, छे, माझे मामा यांच्यापेक्षा चांगले हातभर उंच आहेत. तो हसला तसा मीही हसलो. मग शिंप्याच्या दुकानाशेजारच्या गल्लीत वळलो. मागे बघितलं नाही. तुम्हाला कुणी उचललं, तुम्ही किती वेळ तसे होतात, मामीला लागलं का, मला काही माहीत नाही. ते सगळं मी नंतर मामीच्या पत्रात वाचलं आणि उलट टपाली लिहिलं की ऐकून फार वाईट वाटलं.

दाढी अजून माझ्याबरोबर इथेच करवतीवर आहे. त्याला तुमची नवी गोष्ट मी एकही सांगितलेली नाही.

रजेचंही खोटं होतं. मुकादम बिचारा साधा माणूस आहे, मागितली असती तर दिली असती. मी मागितली नाही, कारण त्या चौकातून यावं लागेल.

लोभ ठेवा असं लिहायची माझी लायकी नाही, म्हणून ती ओळ मोकळी सोडतो.

भिंगरी

*

दि. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
तुझ्या मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मामांनी वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि नऊ दिवस तोच सदरा घातला. सदरा धुवायला मागितला तरी देईनात. दहाव्या दिवशी मी दटावून काढून घेतला आणि पत्र वाचलं. वाचून तुझा राग आला, पण तो जुनाच राग होता. अरे, तिथे रस्त्यावर पडल्या पडल्या मी तुझी पाठ ओळखली होती. लहानपणापासून त्या पाठीत धपाटे घातलेत, मी ओळखणार नाही तर कोण? मामांना कळलं तर ते खचतील म्हणून मी वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसले.

तसं मी त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, त्यांनीही तुला बघितलं होतं. तू मला दिसू नयेस म्हणून मला उठवताना मुद्दाम माझं तोंड दुसरीकडे वळवलं. आता सांग, मी या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय! साबणाची वडी त्यांनीच परत जाऊन उचलून आणली, दुखऱ्या गुडघ्याने. नऊ दिवस टिकली.

तू येशील तेव्हा तुला बोलायचं ते बोलेन, कागदावर मावणार नाही. जेवत जा. बाकी मामा खाली लिहिताहेत.

मामी

ता. क. भिंगरी, मी तुला बघितलं, आणि तू गल्लीत वळलास तेव्हा मला काय वाटलं ते तुला सांगायला हवं. सुटलो, असं वाटलं. तू धावत आला असतास, मला काखेत हात घालून उठवलं असतंस, तर मी तुला कधी माफ केलं नसतं. म्हणून वर्षभर तुझ्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही, मामीनेच दिलं. मागच्या पत्रात कुणी नव्हतं असं लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी लिहिलं.

पाय टेकवणं म्हणजे नाचक्की, हे तुला शिकवलं कुणी? मीच ना. अकरा फेऱ्या चारचौघांसमोर ढकलायला लावून. तुझं चुकलंच, ते चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण धडा माझ्या हातचा होता.

मामा

*

लाकूडगिरणीतून,
दि. २१ एप्रिल, जेवणाची सुट्टी

ती. मामा आणि मामी यांस,
दोघांना मिळून एकच शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तुम्ही सरळ शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच दिवशी निघालो असतो. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. तुम्ही दोघांनी बघितलंत, ते पोटात ठेवलंत आणि वर साबण उचलायलाही तुम्हीच गेलात, हे वाचल्यापासून मला फळ्यासुद्धा नीट मोजता येत नाहीत. काल एका गिऱ्हाइकाला बाराच्या जागी एकवीस दिल्या. तो प्रामाणिक निघाला म्हणून वाचलो. त्याच्या गाडीला काय सुरेख लाकडी हौदा होता, पण ते असो.

मुकादमाकडे रजा मागायला दोनदा गेलो. एकदा त्याने पेन्सिल तासून मागितली, ती तासून दिली आणि परत आलो. दुसऱ्यांदा नुसताच परत आलो. दाढीला खरं सांगावं म्हणून शेजारी जाऊन बसलो, तर करवतीच्या पात्याबद्दल बोलत राहिलो. मामा, तुमच्यासमोर येऊन उभं राहिलो तर तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलेले असाल, आणि ती पाठ मला बघवायची नाही. म्हणून विचार करतो की पुढच्या महिन्यात, किंवा त्याच्या पुढच्या,

वाक्य अर्धंच राहिलं. फाटकावर गलका झाला म्हणून माळ्याच्या खिडकीशी गेलो होतो. बाहेरच्या गाड्यांना आत येऊ देत नाहीत म्हणून मुकादम हात आडवा करून उभा आहे, आणि समोर एक तीनचाकी मोटारसायकल आहे. हेल्मेटमधून बाई त्याला काहीतरी ठणकावून सांगते आहे आणि कोरा करकरीत परवाना त्याच्या नाकासमोर नाचवते आहे. सव्वाशे किलोमीटरची धूळ आहे गाडीवर. मामी, तू? आयुष्यात सायकल न चालवलेली तू?

आणि मागच्या सीटवर मामा. कधी कुणाच्या मागे न बसणारे मामा, भर दुपारी, मामीच्या खांद्याला धरून. सगळी गिरणी बघते आहे. हातातले घास थांबले आहेत.

दाढी खिडकीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ओळखीचे आहेत का म्हणून विचारलं. माझे मामा-मामी आहेत, असं मी इतक्या मोठ्याने सांगितलं की खाली मुकादमानेही मान वर केली. हेच ते मास्तर, चौकातले तेच, मी तेव्हा तुझ्याशी खोटं बोललो, हेही एका दमात सांगून टाकलं. तो काय म्हणतो ते ऐकायला थांबलो नाही. एवढ्या ओळी लिहायला वळलो, नाहीतर पत्र अर्धवट का टाकलंस असं तुम्हीच विचाराल.

मामा अजून सीटवरच आहेत. दोन्ही पाय वर धरून बसलेत, उतरायला हात लागणार आहे.

आलो.
भिंगरी