कोल्हापूर परराज्यात आहे म्हणे

वडगाव (बेळगाव), मंगळवार, दिवेलागणीला

आमच्याच मागावर विणलेल्या पंचवीस साड्या आज महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकल्या. आईच्या जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं रस्त्यावर सगळ्यांसमोर सोडायला लावलं. लई संताप झालाय.

अधिकारी तसा सभ्यच होता. "बाई, जीएसटी नंबर?"

"एवढ्याशा धंद्याला लागत न्हाय म्हणाले की साहेब. महिना झाला सुरू करून."

"माल कर्नाटकातल्या कर्नाटकात विकला तर न्हाय लागत. दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या साडीपासनं लागतो."

दुसरं राज्य? कोल्हापूर? माझी थोरली बहीण तिथं दिलीय. दिवाळीची खरेदी तिथली, दात दाखवायला जातो तेही तिथंच. तिच्या शेजारच्या दुकानदाराची ही माझी पहिली ऑर्डर, शुक्रवारी द्यायची होती. आता साड्या नाक्यावरच, चादरसुद्धा तिथंच. ती चादर तरी द्या म्हणायचं सुचलं नाही मला.

घरी आल्यापासनं ह्यांच्यावर चिडले, नाक्यावर चिडले, कायद्यावर चिडले. पण खरं लिहायचं तर? महिन्यापूर्वी बेळगावच्या कर सल्लागारानं मला सरळ विचारलं होतं, "आक्का, माल राज्याबाहेर जाणार काय?"

मी हसून म्हणाले, "न्हाय हो, बाहेर कशाला?"

आणि त्याच्या पायऱ्या उतरता उतरताच बहिणीला फोन लावला, "दुकानदाराला सांग, साड्या येतात म्हणून."