वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांची मुलाखत

३ जून, पूजेनंतर
बी.ए.चा शेवटचा पेपर उरला. विषय : महायुद्धानंतरच्या अर्थशास्त्राचा इतिहास. मला वाटलं होतं, घरखर्चाचंच थोडं मोठं रूप असेल. मॅडम म्हणाल्या, इथे बाजारभाव नाहीत. युद्धानंतर अर्थशास्त्रज्ञ कसे बोकाळले, कुणाचा शिष्य कुठे चिकटला, पुस्तकांतली वाक्यं जाऊन गणितं कशी आली, ते शिकायचं. म्हणजे चक्क चहाड्या. त्यावर पगार मिळतो म्हणे.

लेखी परीक्षा नाही. एका जुन्या अर्थशास्त्रज्ञाची मुलाखत रेकॉर्ड करून द्यायची. पास झालेच. धाकटी जाऊ बी.ए. आहे, आणि ती हे मीठ मागतानासुद्धा सांगते. आता बघू.

५ जून
आमच्या डोक्यावरच एक निवृत्त प्रोफेसर राहतात. वर जाऊन आले. भर दुपारी दोन्ही खोल्यांत दिवे चालू. असे लोक सरकारला सल्ले देत होते. पुढच्या शनिवारी कायमचे लेकीकडे चाललेत, त्याआधी उरका म्हणाले.

हेही माझ्या सोबतीला म्हणून बी.ए. करतायत. वर्गात झोपतात. ह्यांना बजावलं, प्रोफेसर माझे आहेत, तुम्ही दुसरा कुणी म्हातारा शोधा.

९ जून, दुपारी
पहिली बैठक उत्तम. आधी प्रोफेसरांना पाया घालून दिला : उरलेल्या अन्नाचं काय करायचं, गॅस बारीक केव्हा करायचा. गप्प ऐकत होते. ह्या वयातही शिकण्यासारखं आहे, हे त्यांना पटलेलं दिसलं.

११ जून
विचारलं, तुमच्या शास्त्रात एवढं गणित का घुसलं? ते आठवत बसले. अडलेल्याला मदत करावी, ही देवाचीच शिकवण. उत्तर मीच दिलं.

१३ जून
शेवटची बैठक. प्रोफेसर दोनदा भलतीकडे निघाले होते, कुठल्याशा जुन्या नोकरीच्या गोष्टी. वेळीच आवरलं. निघताना म्हणाले, "वहिनी, पाणी तरी घ्या."

१४ जून, शनिवार
प्रोफेसर गेले. हे बॅगा उतरवायला गेले आणि गाडी येईपर्यंत जिन्यात त्यांच्याशी गप्पा मारत बसले. इथे जेवण गार. एक काम धड होईल तर शपथ.

१६ जून
रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज फार स्वच्छ. माझा. प्रोफेसर अधूनमधून खोकतात. देवाचं नाव घेऊन मॅडमना दिलं.

३० जून
निकाल. मॅडम म्हणाल्या, "काकू, मुलाखत छान झालीय. पण घेतली कुणी?"

नापास. पुन्हा घेते म्हटलं, तर आता पुढच्या वर्षीच म्हणे. तरुण मुलींना माझ्यासारखी बाई जड जाते, दुसरं काय.

हे पास. जिन्यात ह्यांनी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून प्रोफेसरांना एवढंच विचारलं होतं, तुम्हाला कधी कंटाळा नाही आला? त्यावर प्रोफेसर म्हणतात, "कंटाळा कसला, भीती वाटायची. ती नवी गणितं आमच्यातल्या निम्म्यांना कळत नव्हती. मलाही नाही. पण तसं म्हटलं असतं तर नोकरी गेली असती." मॅडमनी हे वर्गात दोनदा ऐकवलं. ह्यात अभ्यास कुठे आहे?

संध्याकाळी पुढच्या वर्षाचा फॉर्म भरला. शिक्षण : मॅट्रिक. साक्षीदार म्हणून ह्यांनी सही केली आणि खाली बी.ए. लिहिलं. अक्षर अगदीच वाईट.