भाचीच्या चार मॉक टेस्ट

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ११ वाजून ७ मिनिटं.
अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. भाचीचा मॅनेजमेंट प्रवेश परीक्षेचा स्कोअर आला. चोपन्न पर्सेंटाइल. कॉलेजला हवेत पंच्याऐंशी. सहासष्ट प्रश्नांपैकी तिने तीस सोडवले आणि त्यातले एकोणतीस बरोबर. म्हणजे मुलगी हुशार आहे, परीक्षाच बावळट आहे.
मी अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली शिकले, मग एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. घाईला कोणी हुशारी म्हटलेलं ऐकलं नाही.
भाची म्हणाली, कच्च्या कागदांवर समास आखण्यात थोडा वेळ गेला मावशी, बाकीचा प्रत्येक उत्तर तीनदा तपासण्यात. समास मी शिकवलेला, तीनदा तपासणंही. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

१६ जानेवारी.
संकल्प. दुसरी आणि शेवटची संधी २ मार्चला. नाहीतर एप्रिलमध्ये ती तिच्या विमा कंपनीच्या ऑफिसात तीन वर्षांच्या बाँडवर सही करणार. तिथे ती दिवसभर लोकांच्या तक्रारींना नंबर देते. मी असं होऊ देणार नाही. तयारीची सूत्रं मी हातात घेतली. तीन रंगांच्या शाईत वेळापत्रक, फ्रिजवर.
खिडकीजवळचं टेबल तिला दिलं. तिचे ऑफिसचे सगळे कपडे इस्त्री केले. अपराधीपणाने नव्हे. इस्त्री तापलेलीच होती.

१८ जानेवारी.
क्लासच्या सरांचा फोन. म्हणे अचूकतेत मुलगी क्लासमध्ये पहिली, वेगात शेवटची. अवघड प्रश्न सोडून पुढे जायला शिकवा. मी म्हटलं, आमच्या शाळेत प्रश्न सोडणारी मुलगी वर्गाबाहेर उभी राहायची. सर म्हणाले, हो ना, पण इथे तीच आत जाते. आगाऊ.
मग विचारलं, हिला तीनदा तपासायची सवय कोणी लावली? मी म्हटलं, आवाज तुटतोय.

२१ जानेवारी.
धाकट्या बहिणीचा फोन. म्हणाली, ताई, पोरगी तुझ्याजवळ आहे ना, मग मी निर्धास्त आहे. दुपारी डोळा लागला नाही. उकाडा असावा.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी १.
एकदाचा सोक्षमोक्ष लावला. क्लासच्या वेबसाइटवर भाचीला चार मॉक टेस्ट आहेत, कधीही देता येणाऱ्या; वेळापत्रकात मी २ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक लावली आहे. ती ऑफिसात, लॅपटॉप घरी, पासवर्ड तिने, विसरायला नको म्हणून, मला सांगून ठेवलेला. माझी पद्धत बरोबर आहे हे सिद्ध करायला एक टेस्ट मी दिली.
पहिल्या उताऱ्यात स्वल्पविरामाच्या चार चुका. त्या कागदावर दुरुस्त करेपर्यंत त्या भागाची वेळ संपली. स्कोअर : चार पर्सेंटाइल. यंत्रात बिघाड.

२३ जानेवारी, दुपारी ३.
यंत्राने ते चार भाचीच्या नावावर मांडले आहेत. तिच्या आलेखाची रेघ जिन्यावरून पडल्यासारखी दिसते. आणि मॉक उरल्या तीन. पुसायचं बटण शोधलं. नाही. आता एकच मार्ग, दुसरी टेस्ट देऊन सरासरी वर आणायची. उद्या. समास न आखता.

२४ जानेवारी.
समास न आखता : सहा. सरासरी पाच. प्रगती आहे.

२७ जानेवारी.
तिसरी. गणिताच्या भागात दोन नळ, एक टाकी, आणि टाकी गळकी. ती दुरुस्त करून घ्यायचं कोणाला सुचत नाही. स्कोअर तीन.
संध्याकाळी भाचीला गरम टोस्ट, वर तिला आवडतं तेवढं लोणी. ती म्हणाली, मावशी, काय झालंय तुला, इतकी गोड का वागतेस? एका माणसाला दुसऱ्याशी नीट वागायला कारण लागतं का, असं विचारून मी आत गेले.

२८ जानेवारी.
चौथी आणि शेवटची. शेवटी निबंध होता : तुमच्या ज्या निर्णयामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, त्याबद्दल लिहा. तीस मिनिटं. यंत्रच वाचणार, म्हणून लिहून टाकलं. तपासायला वेळ उरला नाही, त्यामुळे लिहिलं होतं तेच गेलं.
स्कोअर पाहिला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
भाची आंघोळ करून, केस बांधून, घड्याळ समोर ठेवून बसली. पडद्यावर आलं : आपल्या सर्व टेस्ट पूर्ण झाल्या आहेत. ती माझ्याकडे बघायला लागली.
सांगायचं होतं. तोंडातून निघालं, चोरी! आपल्या लॉगिनमध्ये कोणीतरी शिरलंय! एकदा आवाज चढला की माझा मला उतरवता येत नाही. लगेच बसून क्लासला दोन पानी तक्रार लिहिली. इंग्रजी इतकं सुरेख उतरलं की अर्ध्या वाटेत मला खरंच संताप आला. भाचीने सही केली. एकदाही न तपासता. हे लिहितानाही लाज वाटते.

३ ते ७ फेब्रुवारी.
नोंद नाही. इस्त्री केली.

८ फेब्रुवारी, शनिवार.
सर घरी आले. चौकशी झाली म्हणे. चारही टेस्ट याच घरातून, कामाच्या दिवशी, दुपारच्या आत दिलेल्या. भाचीला म्हणाले, स्कोअर भीषण आहेत, पण शेवटचा निबंध आमच्याकडे आजवर आला नाही असा आहे. फक्त एक कळेना, तुझं वय चोवीस आणि तू एकतीस वर्षं शिकवलंस कुठे?
मी चहा टाकायला उठले. भाची म्हणाली, मावशी, बस.
सरांनी आणलेला निबंध तिने उभ्यानेच वाचला. त्यात समास आहे, तीनदा तपासणं आहे. पहिली ते दहावी ती रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायची आणि चूक सापडली की मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे, तेही आहे. आणि शेवटी, तिचे चोपन्न हे माझे मार्क आहेत, असं.
सरांनी दोन मॉक नव्याने उघडून दिल्या. जाताना मला म्हणाले, बाई, तुम्हालाही क्लास लावायचा असेल तर सांगा, आपल्याकडे वयाची अट नाही. मी दार जरा जोरात लावलं. वारा होता.

९ फेब्रुवारी.
ती भांडेल म्हणून मी सकाळपासून तयारीत होते. मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडली नाही. बॅग भरली. ऑफिसच्या मैत्रिणीकडे राहणार, परीक्षेपर्यंत. दारात म्हणाली, मी रागावले नाहीये गं. पण तू घरात असलीस की मी तीनदा तपासते. तू पलीकडच्या खोलीत झोपलेली असलीस तरी.
मुद्द्यांचा कागद मी घडी घालून रद्दीत टाकला.

१६ फेब्रुवारी.
बहिणीकडून कळलं, नव्या मॉकमध्ये भाचीला एक्क्याऐंशी. बहीण म्हणाली, बघ ताई, तुझी शिकवणी फळाला आली. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर परत लावला आणि नाही म्हटलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. म्हणजे काय वाटलं होतं, हे विचारायचं राहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार.
दुसरी मॉक : सत्त्याऐंशी. मी दोन आठवडे तिच्या आसपास नसल्याचा स्कोअर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.
भाचीला पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा टपालात टाकलं. नोंदीसाठी नक्कल :
‘तुझ्या परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर येणार नाही, फोन करणार नाही, शुभेच्छाही देणार नाही, त्यातही मी सूचना घालते. पेपर संपल्यावर तू इकडे जेवायला येणार आहेस की नाही, एवढंच कळव. नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही. उत्तर लेखी हवं, शुक्रवार २८ फेब्रुवारी, संध्याकाळी सहाच्या आत. फोनवर नको. फोनवर मी बोलायला लागते.’